जुन्या बुलेटचे इंजिन उजळताना

दसरा जवळ आला की गॅरेजांमधले चंदेरी स्प्रेचे डबे संपू लागतात. गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून पूजेला उभी करायची, तर तेलाने काळवंडलेले इंजिन तसेच कसे ठेवायचे? मग डबा हलवला जातो आणि ब्लॉक, हेड, क्लच कव्हर, टायमिंग कव्हर, वाटेत येतील ते नटबोल्ट आणि पाइप अशा सगळ्यांवर एकच फवारा उडतो. संध्याकाळी इंजिन नवे दिसते. दिवाळी उलटेपर्यंत हेडजवळचा रंग पिवळा पडलेला असतो, पेट्रोल सांडलेल्या जागी ओघळ उमटलेला असतो, आणि क्लच कव्हरवरचा रंग नख लावले तरी कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो.

दोष रंगाच्या किमतीचा नसतो. महागडा परदेशी डबा आणला तरी हेच होते. जुन्या मोटारसायकलचे इंजिन बाहेरून एकसंध दिसले तरी ते दोन-तीन वेगवेगळ्या धातूंचे आणि तीन-चार वेगवेगळ्या पृष्ठभागांचे असते. प्रत्येकाचे तापमान वेगळे, गंजण्याची रीत वेगळी, आणि मुळात प्रत्येकाला रंग हवा असतोच असेही नाही. म्हणून डबा उघडण्याआधी समोरचा भाग कशाचा आहे आणि कारखान्यातून तो कसा आला होता, हे ओळखणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

उदाहरणाला जुनी बुलेट सगळ्यांत सोयीची. १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिचच्या कंपनीच्या सहकार्याने मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली, आणि ७० मिलिमीटर बोअर व ९० मिलिमीटर स्ट्रोकचे ते ३४६ सीसीचे इंजिन अर्धशतकाहून अधिक काळ जवळपास त्याच बांधणीने बनत राहिले. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे. वरचे हेड ॲल्युमिनियमचे. खालचा क्रँककेस ॲल्युमिनियमचाच, पण साच्यातून निघाल्यासारखा खरखरीत. डाव्या बाजूचे प्रायमरी कव्हर आणि उजवीकडचे टायमिंग कव्हर मात्र घासून चकचकीत केलेले. चार भाग आणि चार पृष्ठभाग. बिडाला रंग लागतोच, कारण उघडे बीड एका पावसाळ्यात तांबडे होते. चकचकीत कव्हरांना रंग लावणे म्हणजे त्यांचे रूप झाकणे. खरखरीत क्रँककेस स्वच्छ धुऊन तसाच ठेवला तरी छान दिसतो. या तिघांना एकाच चंदेरी रंगात बुडवले की इंजिनाची सगळी घडण सपाट होऊन जाते.

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ ते १९९६ या काळात बनवलेल्या जावा आणि येझदी गाड्यांतही हाच प्रकार आहे. त्यांची बाजूची गोलसर कव्हरे हा त्या गाडीचा चेहराच, आणि तो पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचा. उलट हिरो होंडाच्या सीडी-१०० किंवा सुरुवातीच्या स्प्लेंडरचे इंजिन कारखान्यातूनच चंदेरी रंगवून येत असे. तिथे पुन्हा रंगवणे हाच मूळ रूपाकडे जाण्याचा मार्ग. मूळ छटा कोणती होती याचा पुरावा इंजिनावरच सापडतो. स्प्रॉकेट कव्हरच्या आतल्या कडेला, वायरच्या क्लिपखाली, माउंटिंगच्या पट्टीआड, जिथे ऊन आणि हात पोचलेले नाहीत तिथे जुना रंग शाबूत असतो. तो मोबाइलवर टिपण्यापेक्षा ते कव्हरच उन्हात धरून दुकानात छटा जुळवावी. आणि भाग बिडाचा की ॲल्युमिनियमचा अशी शंका असेल, तर लोहचुंबक क्षणात निकाल देतो.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट कागदावर घ्यावी, ती म्हणजे इंजिन नंबर. क्रँककेसवर ठोकलेला हा नंबर आरसी पुस्तकातल्या नंबरशी जुळणे ही गाडीची कायदेशीर ओळख आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते, तेव्हा पुसट किंवा रंगाने बुजलेला नंबर मालकाला भलत्याच चौकशीत अडकवू शकतो. नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप उठवून घ्यावी, फोटो काढावा आणि मग त्या जागेवर ब्लास्टिंग, ग्राइंडर, पॉलिश पेपर यांतले काहीही चालवू नये. तिथे रॉकेलचा किंवा डिझेलचा बोळा आणि मऊ ब्रश एवढेच पुरे.

यानंतर उघडाउघड. इंजिन फ्रेममध्येच ठेवून कव्हरे काढून रंगवता येतात, आणि हौशी माणसासाठी तेच शहाणपणाचे. पूर्ण ओव्हरहॉलिंग चालू असेल तरच क्रँककेस आणि ब्लॉक सुटे मिळतात. कव्हर काढताना जपानी घराण्यातल्या गाड्यांवर, म्हणजे आरएक्स-१००, सीडी-१०० वगैरेंवर, एक नेहमीची फसगत होते. त्यांचे चौफुली खाचेचे स्क्रू जपानी मानकाचे असतात आणि बाजारातला नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही. जोर लावला की तो वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. वीस-पंचवीस वर्षे ॲल्युमिनियममध्ये रुतलेला लोखंडी स्क्रू तसाही अडून बसलेला असतो, कारण दोन धातूंमध्ये ओलावा शिरला की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी धरते आणि ती आट्यांमध्ये घट्ट दाटते. योग्य मापाचे टोक, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि आदल्या रात्री सोडलेले गंज सैल करणारे तेल हा त्यावरचा उपाय. छिन्नी-हातोडी ही शेवटची पायरी.

स्क्रू निघाले की ते वाटीत एकत्र टाकू नयेत. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढावा, जिथे जिथे भोक तिथे पुठ्ठ्याला टोचा मारावा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी खोचून ठेवावा. एकाच कव्हरला तीन वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असू शकतात. आखूड भोकात लांब स्क्रू गेला, तर तो आवळताना केसिंगला तडा देतो, आणि आखूड स्क्रू लांब भोकात गेला तर चारच आटे धरून बसतो आणि तेच आटे उपटून आणतो. बुलेटच्या प्रायमरी कव्हरला ही कटकट नाही, ते मधल्या एका नटावर बसते. पण तो एक नट तेल थांबवण्यासाठी जरुरीपेक्षा जास्त आवळत राहिल्याने वाकलेली कव्हरे किती तरी दिसतात. असे कव्हर सपाट काचेवर पालथे ठेवून कडेने पातळ फीलर गेज फिरवले की बाक कळतो. वाकलेले कव्हर रंगवले तरी गळणारच.

आता धुणे. या कामातला निम्मा वेळ धुण्यात जायला हवा. कव्हरवरचे काळे थर म्हणजे तेल, धूळ आणि चेनचे ग्रीस यांचा वर्षानुवर्षे भाजलेला चिकटा. आधी तो लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा, मग डिझेलमध्ये भिजवून नायलॉनच्या किंवा पितळी ब्रशने घासावा. रॉकेल आता सहज मिळत नाही, आणि पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरत लांबवरच्या ठिणगीपर्यंत पोचते. डिझेलनंतर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. लोखंडी तारेचा ब्रश दूर ठेवावा. त्याचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि महिन्याभराने तिथे तपकिरी ठिपके फुटतात.

जालीम रसायनांचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. कॉस्टिक सोडा तेल उत्तम काढतो, पण तो ॲल्युमिनियमही खातो. भांड्यात कव्हर टाकले की जे बुडबुडे उठतात तो हायड्रोजन असतो आणि प्रत्येक बुडबुड्यागणिक धातू विरघळत असतो. संडास धुण्याच्या ॲसिडने ॲल्युमिनियम क्षणभर पांढरेशुभ्र दिसते आणि वाळल्यावर करडे, खड्ड्याखड्ड्यांचे होते. ते खड्डे भरून येत नाहीत.

धुऊन झालेले कव्हर खरोखर स्वच्छ आहे का, याची एक साधी परीक्षा रंगकामातले लोक घेतात. कव्हरवर स्वच्छ पाणी ओतावे आणि तिरपे धरावे. पाणी सलग पडद्यासारखे पसरून राहिले तर पृष्ठभाग स्वच्छ. ते जागोजागी फाटून थेंब धरू लागले तर तिथे तेल अजून आहे, मग डोळ्यांना काहीही दिसो. ही परीक्षा पास झाली तरी काम संपत नाही, कारण ओतीव ॲल्युमिनियम सच्छिद्र असते आणि आतल्या छिद्रांत तेल मुरलेले असते. कव्हर जुन्या ओव्हनमध्ये ठेवून साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ठिकठिकाणी तेलाचे बारीक घामटे वर येते. ते थिनरच्या फडक्याने पुसण्याआधी कव्हर निवू द्यावे, मग पुन्हा तापवावे, आणि घामटे येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. ज्या ओव्हनमध्ये हे होईल त्यात पुन्हा केक भाजू नये. आणखी एक शत्रू अदृश्य असतो, तो म्हणजे सीटला आणि टायरला लावायच्या पॉलिशमधला सिलिकॉन. त्याचा अंश राहिला तर ओला रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. रंगकाम चालू असेल त्या खोलीत अशा पॉलिशचा डबा उघडूसुद्धा नये.

दुरुस्तीची सगळी कामे रंगाच्या आधी उरकावीत. पडलेल्या गाडीचे क्लच कव्हर घासलेले किंवा तडकलेले असते, हेडचे एखादे फिन तुटलेले असते, तेल सोडायच्या बोल्टचे आटे गेलेले असतात. तडे आणि फिन आरगॉन वेल्डिंगने भरतात, आट्यांना हेलिकॉइल बसवतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या भागात, जिथे ओतकाम आणि यंत्रकाम शेजारी शेजारी चालते, हे दोन्ही करणारे कारागीर हाकेच्या अंतरावर मिळतात. त्यांच्याकडे जाताना एक काळजी जिवाची आहे. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतात. असे द्रावक भागावर ओले राहिले आणि त्यावर वेल्डिंगचा आर्क पडला, तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. वेल्डिंगला द्यायचा भाग साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेला असावा आणि तो कशाने साफ केला हे वेल्डरला सांगावे. लांबी भरून ओरखडे बुजवण्याची पद्धत पत्र्यासाठी ठीक, इंजिनासाठी नाही. साधी लांबी उष्णतेने फुगते आणि रंगासकट निघते. उथळ ओरखडे घासून काढावेत, खोल असतील तर वेल्डने भरून मग घासावेत.

जुना रंग काढण्यासाठी अनेकांना ब्लास्टिंगची घाई असते. काचेच्या बारीक मण्यांचे किंवा पाण्यात मणी मिसळून केलेले व्हेपर ब्लास्टिंग ॲल्युमिनियमला सुरेख, मखमली पोत देते. वाळूचे ब्लास्टिंग धातू ओरबाडते, शिवाय सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, तेव्हा ते करूही नये आणि कुणाला करायलाही लावू नये. पण मणी कितीही सौम्य असले तरी त्यांना भोके आवडतात. बुलेटच्या टायमिंग कव्हरमध्ये ऑइल पंपांच्या जागा आहेत, तेलाचा फिल्टर आहे, आणि क्रँककडे जाणारे तेल त्याच कव्हरातल्या अरुंद मार्गांमधून जाते. तिथे अडकलेले चिमूटभर मणी इंजिन सुरू झाल्यावर तेलाबरोबर थेट बिग एंड बेअरिंगला पोचतात. असे कव्हर ब्लास्टिंगला द्यायचे नाही, हाताने साफ करायचे. इतर कव्हरेही दिली तर आतली बाजू आणि प्रत्येक आंधळे भोक बंद करून द्यावे, परत आल्यावर गरम पाण्याने, ब्रशने आणि हवेच्या झोताने पुन्हा पुन्हा धुवावे. जोडलेले, बंद इंजिन अख्खे ब्लास्टिंगला देणे हा तर इंजिन मारण्याचा हमखास मार्ग आहे.

चकचकीत कव्हरांचे काम रंगकामापेक्षा सोपे आणि जास्त समाधानाचे. त्यांवर पारदर्शक लॅकर असेल तर तो आधी पेंट रिमूव्हरने काढावा, मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून. मग वॉटर पेपर. ओरखडे किती खोल त्यावर सुरुवात ठरते. सहसा ४०० नंबरपासून सुरू करून ६००, ८००, १०००, १५०० असे चढत जावे. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते दिसते. एखादा टप्पा गाळला तर शेवटी बफिंगच्या चकाकीत त्या रेघा अधिकच उठून दिसतात. त्यानंतर कापडी चाक आणि पॉलिशिंग सोप, आणि अखेर हाताने मेटल पॉलिश.

बाजारातल्या बफिंगवाल्याकडे काम दिल्यास त्याच्यापाशी उभे राहावे. लोखंडाचे मडगार्ड आणि ॲल्युमिनियमचे कव्हर एकाच चाकावर घासले जात असेल तर चाकातले लोखंडी कण कव्हरात जातात. शिवाय दोन्हींची धूळ एकत्र साठणे धोक्याचे, ॲल्युमिनियमची बारीक भुकटी ठिणगीने पेटते. आणि जास्त बफिंगने होणारे नुकसान सगळ्यांत मोठे. कव्हरवरची उठावाची अक्षरे गोल होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा वितळल्यासारख्या पसरतात, सरळ धार नाहीशी होते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुनी कव्हरे शोधताना अक्षरांच्या कडा आधी पाहाव्यात. मळलेले पण टोकदार अक्षरांचे कव्हर चमकणाऱ्या, बोथट कव्हरपेक्षा केव्हाही चांगले.

पॉलिश केलेल्या कव्हरवर क्लिअर कोट मारावा का? मारू नये. चकचकीत धातूला लॅकर नीट धरत नाही. एखादा दगड उडून सूक्ष्म चीर पडली की ओलावा आत शिरतो आणि लॅकरखाली किड्याने कोरल्यासारख्या नागमोडी रेघा सरकत जातात. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर घडते, आणि मग सगळा लॅकर काढून पुन्हा पहिल्यापासून घासावे लागते. उघडे ॲल्युमिनियम मंद होते हे खरे, पण थोड्या मेटल पॉलिशने अर्ध्या तासात परत उजळते. त्यावर मेणाचा हात दिला की समुद्रकाठीही ते बऱ्यापैकी टिकते. ॲल्युमिनियमवर क्रोम चढवणेही टाळलेले बरे. मधले तांब्याचे आणि निकेलचे थर नीट दिले नाहीत तर ते पत्र्यासारखे उचकटते आणि त्याची धार हात कापते.

जिथे रंग द्यायचाच आहे, तिथे रंगाची निवड तापमानावरून करावी. बाजूची कव्हरे साधारण १०० अंशांच्या आसपास तापतात. ब्लॉकचा वरचा भाग आणि हेड दीडशे ते दोनशेच्या घरात जातात, एक्झॉस्टच्या तोंडाशी त्याहून जास्त. इंजिन इनॅमल म्हणून मिळणारे रंग साधारण २६० अंशांपर्यंत टिकतात आणि कव्हर, क्रँककेस, ब्लॉक यांना ते पुरेसे आहेत. इथे दुकानदार अनेकदा ६०० अंशांचा हीट रेझिस्टंट ॲल्युमिनियम पेंट पुढे करतो, आणि आकडा मोठा म्हणून गिऱ्हाईक तोच घेते. तो सायलेन्सरसाठी आहे. त्यातले सिलिकॉन रेझिन पक्के व्हायला दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता काही काळ सलग मिळावी लागते. क्लच कव्हरला ती जन्मात मिळत नाही, त्यामुळे रंग तिथे कच्चाच राहतो आणि बुटाच्या घासण्याने, पेट्रोलच्या थेंबाने निघतो. कव्हरांसाठी दोन भागांचा पीयू रंगही उत्तम, पेट्रोलला तो दाद देत नाही. पण त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. तो स्प्रे बूथ असलेल्या, श्वासाला वेगळी हवा पुरवणारे साधन वापरणाऱ्या पेंटरकडूनच करून घ्यावा. साधा स्प्रे वापरतानाही कापडी मास्क निरुपयोगी असतो. रंगाच्या वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क लागतो.

ॲल्युमिनियमवर रंग न धरण्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. घासलेले ॲल्युमिनियम हवेत येताच ऑक्साइडचा थर धरते. तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो, पण तेवढ्याने अस्तराची पकड सुटते. वर धातूही जास्त प्रसरण पावतो. १०० अंश तापमानवाढीला १ मीटर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, बीड त्याच्या निम्मे. प्रत्येक फेरीला ताणल्या-आवळल्या जाणाऱ्या या पृष्ठभागावर नुसता रंग टिकत नाही. म्हणून ३२० ते ४०० नंबरच्या कागदाने एकसारखी खरखर द्यावी, थिनरने पुसावे आणि त्याच दिवशी वॉश प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमरचा पातळ हात द्यावा. रेड ऑक्साइड लोखंडासाठी असते, ते इथे वापरू नये. अस्तरही रंगाइतकीच उष्णता सोसणारे हवे, आणि शक्यतो रंगाच्याच कंपनीचे. काही रंगांना अस्तर चालत नाही, ते डब्यावर लिहिलेले असते आणि ते वाचावे.

हवामान या कामात निम्मा कारागीर आहे. रंगकामातला जुना नियम असा की धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवे. श्रावणातल्या कोकणात ते जुळवणे कठीण. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते, आणि डोळ्यांना न दिसणारे पाणी अस्तराखाली अडकते. वैशाखात दुपारी नागपूरला किंवा परभणीला उलटी अडचण. तापलेल्या कव्हरवर पोचेपर्यंत रंगाचे थेंब सुकतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या कोरड्या सकाळी सगळ्यांत चांगल्या.

फवारण्याआधी झाकाझाकी. पॅकिंग बसते तो सपाट काठ, ऑइल सीलची घरे, बोल्टचे डोके टेकते ती जागा, आणि इंजिन फ्रेमला जिथे अर्थ होते ती जागा, एवढ्या ठिकाणी रंग जाता कामा नये. पॅकिंगच्या काठावर रंग राहिला तर तेल झिरपते. बोल्टखाली जाड थर राहिला तर तापल्यावर तो दबतो आणि बोल्ट सैल पडतो. अर्थच्या जागी रंग लागला तर गाडी सुरू होण्याची कुरकुर करते आणि दोष कॉइलवर जातो. कव्हरची आतली बाजूही रंगवू नये, सुटलेला पापुद्रा तेलात फिरतो. जुनी पॅकिंग खरवडताना ती ओली करून काढावी, कारण जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावा, विस्तवावर कधीच नाही. २० ते २५ सेंटिमीटरवरून, कव्हरच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच थांबत, पहिला हात धुक्यासारखा द्यावा, खालचे अस्तर दिसत राहिले तरी चालेल. दहा मिनिटांनी दुसरा, मग एखादा ओलसर हात. एकदम जाड थर दिला की तो ओघळतो आणि आतून कच्चा राहतो. बुलेटच्या ब्लॉकसाठी क्रम उलटा ठेवावा. आधी फिनांच्या मधल्या खोल फटींत तिरप्या कोनातून, वरून आणि खालून, आणि सगळ्यांत शेवटी बाहेरच्या कडांवर. कडांपासून सुरुवात केली तर त्या जाडजूड होतात आणि फटी कोऱ्याच राहतात. ब्लॉकवर एकूण थर पातळच हवा, कारण जाड रंग उष्णता अडवतो. काळ्या रंगाने इंजिन जास्त तापते हा समज मात्र सोडून द्यावा. एअर कूल्ड इंजिन मुख्यतः फिनांवरून वाहणाऱ्या वाऱ्याने थंड होते, आणि रंगाच्या पातळ थराने त्यात अडचण येत नाही. उठावाची अक्षरे असतील तर रंग पक्का झाल्यावर सपाट लाकडी गुटक्याला ४०० नंबरचा कागद गुंडाळून फक्त अक्षरांच्या माथ्यावरून फिरवावा. काळ्यावर उजळलेली अक्षरे अगदी कारखान्यातून आल्यासारखी दिसतात.

पावडर कोटिंगचा पर्याय बऱ्याच जणांना सोपा वाटतो. कव्हरांसाठी तो खरोखर टिकाऊ आहे. पण भट्टी १८० ते २०० अंशांची असते. बेअरिंग आणि ऑइल सील आधी काढलेले हवेत, आणि छिद्रांत तेल राहिले असेल तर ते भट्टीत उकळून पावडरला फोड आणते. म्हणून कोटिंगवाल्याला भाग आधी कोरडाच भाजून घ्यायला सांगावे. ब्लॉक आणि हेडला पावडर कोटिंग नको, त्याचा थर नेहमीच्या रंगाहून बराच जाड असतो.

रंग हाताला कोरडा लागणे आणि पक्का होणे यांत फरक आहे. इंजिन इनॅमल ओव्हनमध्ये साधारण ९० ते १०० अंशांवर, डब्यावर दिलेल्या वेळेइतके भाजले की कडक होते. भाजणे शक्य नसेल तर कव्हर आठवडाभर नुसते ठेवावे. त्यासोबत पत्र्याचा एखादा तुकडाही त्याच पद्धतीने रंगवावा आणि परीक्षा त्यावर घ्यावी. ब्लेडने चौकटी आखून त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी, मग पेट्रोलचा बोळा घासावा. तुकड्यावरचा रंग निघाला, तर कव्हर बसवण्याची घाई करू नये.

बसवताना पॅकिंग नवीच घ्यावी, डोवेल पिन जागेवर आहेत ना ते पाहावे, आणि पुठ्ठ्यावरचे स्क्रू एकेक करून हाताने शेवटपर्यंत फिरवावेत. आवळायचे ते समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत. ॲल्युमिनियममध्ये बसणाऱ्या ६ मिलिमीटरच्या स्क्रूला १० न्यूटन-मीटरच्या आसपासचा ताण पुरतो, लांब पान्याने त्याच्या दुप्पट सहज पडतो आणि आटे जातात. जुने स्क्रू बदलून ॲलन बोल्ट घातले तर पुढच्या वेळी कव्हर विनासायास निघेल, त्यांच्या आट्यांना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे अँटीसीझ ग्रीस किंचित लावावे. बुलेटचे टायमिंग कव्हर काढले असेल तर पंपात आणि तेलाच्या मार्गात आधी तेल भरून घ्यावे, स्पार्क प्लग काढून किक मारत तेल परत येताना दिसले की मगच इंजिन सुरू करावे.

पहिल्या दिवशी लांब फेरी नको. इंजिन पाच-सात मिनिटे चालवून पूर्ण निवू द्यावे, मग थोडा जास्त वेळ, असे तीनदा. थोडा वास आणि हलका धूर येतो, तो रंग भाजला जाण्याचा असतो. दुसऱ्या दिवशी निवलेल्या इंजिनावर स्क्रू पुन्हा तपासावेत, कव्हराखाली कोरा पांढरा कागद पसरून ठेवावा आणि सकाळी त्यावर तेलाचा ठिपका कुठे पडलाय ते पाहावे. धुताना महिनाभर प्रेशर वॉशर इंजिनावर मारू नये, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर कधीच नाही.